वाटेकरी

आमच्या घरात भांडण कधी झालं नाही. हे सांगितलं की माझ्या सुना म्हणतात, "किती छान!" छान कसलं डोंबल! भांडायलासुद्धा माणूस लागतं. मांडवीला बंदराच्या वरच्या अंगाला आमचं घर होतं. चिऱ्याचं, भक्कम, पुढे पडवी, मागे पडवी, आणि मध्ये इतक्या खोल्या की त्यातल्या काहींत दिवाळीचा केर काढण्यापुरतंच कोणी जाई. एवढ्या घरात राहणारी माणसं कोण, तर अप्पा म्हणजे माझे वडील, मी, आणि स्वयंपाकपाणी बघणारी काशीबाई. आई मी रांगत असतानाच गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही; आठवतो असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत असे, कारण नाही म्हटलं की बायका डोळ्यांना पदर लावत आणि मग त्यांनाच गप्प करत बसावं लागे. अप्पा सकाळी पेज घेऊन बंदरावर जात ते जेवायला येत, जेवून थोडे आडवे होत आणि पुन्हा जात. दिवसभर कानांवर काय, तर समुद्राची गाज, खाली कौलं उतरवणाऱ्या गड्यांची हाळी, कधी मुंबईच्या बोटीचा भोंगा, आणि आत काशीबाईचं स्वतःशीच चाललेलं बोलणं. काशीबाई माशांशी बोले, चुलीशी बोले, आमटी उतू गेली तर आमटीला शिव्या देई. माझ्याशी मात्र ती जेवायला ये आणि न्हायला चल यापलीकडे फारसं बोलत नसे. मालकाच्या पोरीशी बोलताना जीभ जपावी, असं तिला वाटत असावं.

मला सगळ्यांत नकोसा दिवस भाऊबीजेचा. ज्या मुलीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी काशीबाई तबक करून हातात देई आणि मी मागच्या पडवीत उभी राहून त्या द्वितीयेच्या कोरीला ओवाळत असे. शेजारच्या घरातून पोरांचा कालवा ऐकू येई; कोणाला ओवाळणीत काय मिळालं, कोणी कोणाला फसवलं, कोण रडलं. चंद्र काही देत नाही आणि फसवतही नाही. एकदा ढग आले होते, तर काशीबाई म्हणाली, "बाय, असेल तितंच कुटंतरी, तू आपली ओवाळ." मी तबक खाली ठेवलं आणि सांगितलं, मी नाही ओवाळत ढगांना. तिने मला जवळ घेतलं नाही, पण त्या रात्री करंज्या मोजून न देता अख्खा डबाच पुढे ठेवला. एकटीने किती खाणार?

आता अप्पांच्या श्रीमंतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. अप्पांची गलबतं होती, हापूसची बाग होती, मुंबईला गिरगावात भाड्याने दिलेली चाळ होती, आणि लोखंडी पेटीत सरकारी कर्जरोखे होते. धंद्यातली त्यांची एक सवय अशी, की एका व्यापाऱ्याचा माल असला तरी तो सगळा ते एका गलबतात भरत नसत. थोडा ह्यात, थोडा त्यात. एखादं गलबत जयगडच्या पुढे वादळात सापडलंच, तर बाकीचं तरावं. पैशांचंही त्यांनी तेच केलं होतं. थोडा जमिनीत, थोडा सोन्यात, थोडा कागदात. एका गोष्टीची मात्र त्यांना जबर धास्ती होती, ती वाटणीची. ते आणि मुंबईचे माझे काका वेगळे झाले तेव्हा दोघेही इतके हट्टाला पेटले की मसाला वाटायचा पाटा आमच्याकडे राहिला आणि वरवंटा काका घेऊन गेले. खोटं सांगत नाही. काशीबाई पुढे कित्येक वर्षं समुद्रावरून आणलेल्या गोट्याने वाटण वाटत होती, पण अप्पांनी नवा वरवंटा घडवून घेतला नाही. तो गोटा पाट्यावर घसरला की काशीबाई काकांच्या नावाने बोटं मोडी, आणि पडवीत अप्पांना बरं वाटे.

दर रविवारी अप्पांकडे त्यांचे वकील येत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उंच, किडकिडीत, डोक्याला पगडी, आणि अडकित्ता स्वतःचा घेऊन येणारा माणूस. आमच्या घरात मला नावाने हाक मारून माझ्याशी दोन वाक्यं बोलणारे ते एकटेच. "काय मथुताई, आज समुद्र काय म्हणतो?" असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबत. मथुरा हे माझं नाव. अप्पा मथे म्हणत, तेही कामापुरतं. भाऊसाहेब झोपाळ्यावर आणि अप्पा लोडाला टेकून, अशी त्यांची बैठक चाले आणि मी दाराआडच्या बाकावर गहू निवडत बसे. गहू निवडून झाले तरी निवडतच बसे.

अशाच एका रविवारी भाऊसाहेब म्हणाले, "अप्पा, माल पांगवून ठेवलात हे उत्तम केलंत. पण पलीकडच्या धक्क्यावर तो उतरवून घेणार कोण, ते ठरवलं आहे का?"

"मथी आहे की," अप्पा म्हणाले. पण ते अशा आवाजात म्हणाले, जसं पाऊस पडला तर छत्री आहे की.

"आहेच. कायद्याने तुमच्यामागे सगळं तिचंच. पण उद्या ती लग्न होऊन जाईल आणि तुमचे बंधू दावा लावतील. ती एकटी कोर्टाच्या पायऱ्या झिजवील?"

"आणि गलबतं?" अप्पा म्हणाले. "बायकांची नावं गलबतांना असतात हो भाऊसाहेब. बायकांच्या मालकीची गलबतं मी तरी ह्या बंदरात पाहिली नाहीत."

तिथून बोलणं दत्तकावर आलं. काकांना मुलगे होते, पण त्यांच्यातला घ्यायचा म्हणजे वरवंट्यामागोमाग पाटाही मुंबईला पाठवायचा, असं अप्पा म्हणाले. शेवटी मालगुंडला अप्पांचे एक चुलतभाऊ होते, ते वारले होते. त्यांच्या बायकोला तीन मुलगे. थोरला देत नाहीत, धाकटा अजून अंगावर पीत होता. मधला होता तो घ्यावा, असं ठरलं. दोघा भावांच्या शिक्षणाचं अप्पा बघणार होते. मुलाला आधी काही महिने इकडे आणून रुळवायचं, आणि मग माघात मुहूर्त पाहून दत्तविधान करायचं.

मी दाराआड बसून ऐकत होते आणि निवडलेले खडे पुन्हा गव्हात टाकत होते. घरात भाऊ येणार! इस्टेट, गलबतं, काकांचा दावा, ह्यातलं मला काही दिसेना. मला दिसलं एवढंच, की माझ्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांडलेला आहे.

निघताना भाऊसाहेब दाराशी थांबले आणि माझ्यासमोर खाली, चक्क उंबऱ्यावर बसले. एवढा मोठा वकील! म्हणाले, "मथुताई, नीट ऐक. आज अप्पांचं जे आहे ते पुढे तुझं आहे. दत्तविधान झालं की तो मुलगा अप्पांचा वाटेकरी होईल, आणि मग त्याला डावलून अप्पांना बागेतलं एक झाडसुद्धा तुझ्या नावे करता येणार नाही. म्हणून जे काय तुला द्यायचं ते आधी लिहून ठेवायला हवं. सांग, तुला काय हवं? बाग? चाळ?"

"मला काही नको," मी म्हटलं. "तो येऊ दे."

"असं म्हणू नये बाळ. मी अप्पांचा वकील असलो तरी आत्ता तुझाही आहे असं समज."

"मग त्याला लवकर आणा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. उठले आणि गेले. पुढे कळलं, की त्यांनी अप्पांशी वाद घालून बागेचा निम्मा भाग माझ्यासाठी मसुद्यात घातला होता.

गणपती गेल्यावर दिगू आला. दिगंबर. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, काळासावळा, पुढचे दात मोठे, आणि डोक्याला इतकं तेल चोपडलेलं की कानांमागून ओघळत होतं. पहिल्या दिवशी जेवायला बसला तो डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून. आमच्या घरात ताटातलं पळवणारं कोण होतं? काशीबाई म्हणाली, "हात काड रं, कोन नाय खात तुजं." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि हात तसाच ठेवला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आपण कोणाचं तरी ताटातलं पळवू शकतो, हा विचारच माझ्या मनात कधी आला नव्हता.

आठ दिवसांत तो असा काही सुटला की घराला घर ओळखेना. बंद खोल्यांची दारं त्याने उघडली, एका खोलीतून दुसरीत ओरडून आवाज घुमतो का ते पाहिलं, काशीबाईच्या गोट्याला शेंदूर फासून मारुती केला. तिने त्याला सांडशी घेऊन परसभर पळवला आणि दमून पायरीवर बसून खो खो हसली. ती हसते हे मी तेव्हा पाहिलं. ओहोटीला तो मला काळ्या वाळूत घेऊन जाई आणि बिळात काडी घालून कुर्ली, म्हणजे खेकडा, बाहेर कशी काढायची ते शिकवी. माझी बोटं सोलपटून निघाली. डब्यातून आंबापोळी काढली की तो लगेच हात पुढे करी, "अर्धी मला." मी मुद्दाम लहान तुकडा देई. मग तो दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून मापी, ओरडे, "चोरटी! चोरटी!" आणि आम्ही झोंबाझोंबी करत असू. अप्पांना आयुष्यभर वाटणीची धास्ती. मला मेलीला वाटणीची हौस. त्या वर्षी भाऊबीजेला मी पाटावर बसलेल्या खऱ्याखुऱ्या पोराला ओवाळलं. तो सारखा हलत होता, ताम्हनातली सुपारी उचलून पाहत होता. ओवाळणी म्हणून त्याने मुठीतून एक शिंपला काढून टाकला, त्यात आतला प्राणी अजून जिवंत होता. काशीबाईने शिमगा केला.

एकच गोष्ट जमत नव्हती, ती त्याच्या नव्या नावाची. दत्तक घेतल्यावर अप्पा त्याला आपल्या वडिलांचं, रघुनाथ हे नाव ठेवणार होते. सवय व्हावी म्हणून ते आधीपासूनच त्या नावाने हाक मारत. "रघुनाथ, इकडे ये." हा ढिम्म. उलट मागे वळून पाही, की मागे कोणी उभं आहे का. अप्पा त्याला बंदरावर नेत, गलबताच्या तांडेलाला दाखवत, "हा आमचा रघुनाथ." तांडेल नमस्कार करी, आणि दिगू त्या गर्दीत रघुनाथ कुठे आहे ते शोधत राही. मी त्याला दिगूच म्हणत असे. संध्याकाळी दिवेलागणीला मात्र तो मागच्या पडवीत जाऊन उत्तरेकडे तोंड करून बसे. मालगुंड त्या बाजूला. "काय बघतोस रे?" म्हटलं की म्हणे, "काय नाय. आई आता म्हशीची धार काढत असेल." मग थोड्या वेळाने पुन्हा दंगा सुरू. पोरं विसरतात, असं काशीबाई म्हणे आणि मला ते ऐकायला फार आवडे.

दत्तविधानाच्या दोन दिवस आधी त्याची आई आली. माझी ती काकूच. धाकटं पोर कडेवर, थोरला सामान घेऊन मागे, मचव्याने आली होती, लुगडं खाऱ्या पाण्याने भिजलेलं. दिगू पडवीतून बाणासारखा सुटला. ती अंगणात उभी होती. तो येऊन कमरेला मिठी मारणार, इतक्यात तिने हात आडवा केला. "थांब," ती म्हणाली. "आता आसं आंगाशी यायचं नाय. सवय मोडाया हवी." तो थांबला. मग धाकट्या भावाचा पाय धरून त्याला गुदगुल्या करू लागला. काकू घरात आली, अप्पांच्या पाया पडली, काशीबाईने दिलेलं पाणी प्यायली. आणि मग तिने दाराकडे पाहून हाक मारली, "रघुनाथा, हिकडं ये. चुलत्याच्या पाया पड."

आणि दिगू आला. त्या नावाला इतके महिने न वळलेला मुलगा तिच्या तोंडून ते नाव ऐकल्याबरोबर लगेच वळला, आला, आणि वाकला. अप्पांनी समाधानाने मान हलवली. मी त्याचं तोंड पाहिलं. पोराचं असं तोंड मी तोवर पाहिलं नव्हतं आणि पुढे माझ्या स्वतःच्या पोरांचं तसं होऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून तो शहाण्यासारखा वागू लागला. बोलावलं की "आलो" म्हणे. ताटाभोवती हात नाही, ओरडणं नाही. आंबापोळी काढली तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. मी अर्धी दिली ती न मापता खाल्ली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना आम्ही वाळूवर बसलो होतो, कुर्ल्या समोरून तुरुतुरु जात होत्या आणि आम्ही दोघंही काडी उचलत नव्हतो. तो म्हणाला, "उद्यापासून आईला काय म्हणायचं?"

"काकू," मी म्हटलं. "मी म्हणते तेच."

"आणि ती मेली, तर तिचं सगळं दादा करणार?"

"हो. तू अप्पांचं करायचं."

"मी रडलो तर चालेल?"

मला कोणी असलं काही शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला जायचंय का रे घरी?" तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला आणि म्हणाला, "ताई, तू सांगशील तसं." तो मला ताई म्हणाला ते तेव्हाच. त्याआधी चोरटी म्हणे.

अहो, मला तो हवा होता. किती हवा होता ते आज ह्या वयातही नीट सांगता येत नाही. मी त्याला नुसतं "राहा" म्हटलं असतं तर तो राहिला असता, आणि रघुनाथ होऊन, शहाणा होऊन, आयुष्यभर माझ्याशेजारी पाटावर बसला असता. सकाळी भाऊसाहेब आले तेव्हा त्यांना गाठून म्हटलं, "त्याला नाही यायचं."

भाऊसाहेबांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. "मथुताई, कायदा मुलाला विचारत नाही. देणारा आणि घेणारा, दोघांनाच विचारतो. होमहवन एक वेळ कमीजास्त चालेल, पण देणाऱ्याने दिला म्हटलं पाहिजे, घेणाऱ्याने घेतला म्हटलं पाहिजे, आणि चार माणसांच्या कानांवर ते गेलं पाहिजे. नाहीतर उद्या तुझे काका कोर्टात म्हणतील, असं काही झालंच नाही."

"आणि देणाऱ्याने म्हटलंच नाही, तर?"

त्यांनी पगडी पुन्हा डोक्यावर चढवली. "तर काही झालंच नाही," ते म्हणाले. "पण मग ह्या घरात तू पुन्हा एकटी, हे लक्षात येतंय का तुझ्या?"

येत होतं. दुसरं काही लक्षातच येत नव्हतं.

ओटीवर माणसं जमली होती. बंदरावरचे व्यापारी, तांडेल, शाळेचे मास्तर. भाऊसाहेबांनी साक्षीला म्हणून निवडून बोलावलेले सगळे. भटजींनी मंत्र म्हटले. अप्पा रेशमी धोतर नेसून पाटावर, समोर काकू, मध्ये दिगू नव्या टोपीत. भटजींनी काकूच्या ओंजळीत पळीने पाणी घातलं आणि सांगितलं, "हे ह्यांच्या हातावर सोडा आणि म्हणा, मुलगा दिला." काकूचे ओठ हलले. भटजी पुढचा मंत्र म्हणणार, एवढ्यात भाऊसाहेबांनी हात वर केला. "वहिनी, ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हणा." काकूने पुन्हा ओठ हलवले. आवाज नव्हताच. मागून कोणी म्हणालं, "अहो, म्हटलं त्यांनी, चालू द्या." भाऊसाहेब म्हणाले, "चालणार नाही. चार जणांनी ऐकलं पाहिजे." काकूच्या बोटांतून पाणी थेंब थेंब रांगोळीवर गळत होतं. तिने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता म्हणेल. म्हटलं तर मला भाऊ मिळाला. मी बायकांच्या घोळक्यातून पुढे झाले आणि ओरडले, "काकू, नका देऊ त्याला!"

होमाच्या जागी पोरीने तोंड उघडायचं म्हणजे काय ते आजच्या लोकांना कळणार नाही. काशीबाईने माझा दंड असा आवळला की पाच बोटं उठली. अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि काकूने ओंजळ सोडली. सगळं पाणी तिच्याच मांडीवर सांडलं. "दिगू," ती म्हणाली, अगदी हळू. पण ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. दिगू पाटावरून उठला, रांगोळी तुडवत गेला आणि तिच्या कुशीत शिरला. टोपी तिथेच पडली.

दुपारच्या भरतीला ते मचव्याने परत गेले. भावांच्या शिक्षणाचं बोलणं अर्थातच संपलं होतं आणि काकू घाबरलेली होती. तिने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी धक्क्यापर्यंत गेले. दिगू मचव्याच्या टोकाला बसला होता, थोरल्या भावाशी जागेवरून भांडत होता, त्याला कोपराने ढोसत होता. इतका खूश होता की माझ्याकडे बघून हात हलवायचंही विसरला. मचवा वळून दिसेनासा झाला तरी मी उभी होते. मग एक गडी म्हणाला, "बाय, घरी जा. ऊन लागंल." मी घरी आले आणि एका रिकाम्या खोलीत जाऊन लुगड्याचा बोळा तोंडात धरून रडले. ऐकायला कोणी नव्हतं, तरी तोंडात बोळा कशाला धरला, कोण जाणे.

गावात बोलबाला झाला तो वेगळाच. काशीबाई विहिरीवरून आली ती डोळे मोठे करून. "सगळ्या बायका तुजंच बोलत्यात गो! एवडीशी पोर, पन कशी इस्टेट राखलीन म्हनत्यात. वाटेकरी घरात शिरू दिला नाय!"

मी म्हटलं, "काशीबाई, मला तो हवा होता गं! मला इस्टेट काय करायची?"

"व्हय गो बाय," ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली. "आता तसंच म्हनायचं."

त्यानंतरच्या आठवड्यांत अप्पा माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. आणि मग एका रविवारी भाऊसाहेब मृत्युपत्राचा कागद घेऊन आले. सगळं माझ्या नावे, गलबतंसुद्धा. भाऊसाहेब वाचत होते, अप्पा डोळे मिटून ऐकत होते. सही झाली. मग भाऊसाहेबांना राहवलं नसावं. ते म्हणाले, "अप्पा, एक सांगू? मथुताईला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुला काय हवं. काही नको म्हणाली. मुलगा तेवढा आणा म्हणाली. तिने हे जे केलं ते इस्टेटीसाठी नव्हे."

अप्पा मोठ्याने हसले. घरात त्यांना तसं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. "म्हणाली ना, काही नको? तेच तर! तोंडाने मागायचं नाही, आणि बरोबर मुहूर्तावर सगळं खिशात घालायचं. भाऊसाहेब, मी उगाच मालगुंडला माणूस शोधत बसलो. पोर माझ्यावर गेलीय." भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढ्यातले गहू निवडत राहिले. त्यांनी अडकित्ता खिशात ठेवला आणि ते गेले.

त्या दिवशी काशीबाईने सरंगा, तुमचं ते पापलेट, तळला होता. अप्पांनी मला हाक मारली, आणि नेहमी माझं पान भिंतीकडे असे ते आपल्या शेजारी घ्यायला लावलं. आपल्या पानातली मधली, जाड तुकडी उचलून माझ्या भातावर ठेवली आणि म्हणाले, "खा मथे. आता ह्या घरची मालकीण तू." आपल्या पानातलं असं त्यांनी मला जन्मात कधी वाढलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हे, आणि ते मला मिळालं कशाबद्दल, तर जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. नाही म्हणावं तर अप्पाही हातचे गेले. मी घास घेतला आणि तो घशातच राहिला, डोळे भरून आले.

"काटा लागला?" अप्पांनी विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

"सुका भात गिळ. न चावता," ते म्हणाले. सरंग्याला तसला घशात रुतणारा काटा नसतो, हे मांडवीत जन्म काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी आपल्या हाताने भाताचा गोळा वळून माझ्यापुढे धरला. मी तो गिळला.